मुंबई की इंदूर? रक्ताच्या कर्करोगाचे निदान झालेल्या मुलाच्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षांच्या मुलाला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असल्याचे गेल्या आठवड्यात इंदुरात कळले. वडील पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला आहेत, आई खाजगी शाळेत शिकवते, घरी सासूबाई आणि नऊ वर्षांची थोरली मुलगी आहे. येथील डॉक्टर लगेच उपचार सुरू करू म्हणतात; नातेवाईक मात्र एकमुखाने सांगतात की वेळ न दवडता मुंबईला न्या. मुलाला कोठे न्यावे, पैशांचे कसे करावे, आपण नोकरी सोडावी का आणि मुलाला काय सांगावे, असे आईने विचारले आहे.

ताई, मी इंदूरच्या एका रुग्णालयात मुलांच्या कर्करोग विभागात एकोणीस वर्षे परिचारिका आहे. गेली काही वर्षे माझे मुख्य काम म्हणजे नव्याने निदान झालेल्या मुलांच्या आईवडिलांना, मूल पहिल्यांदा घरी जाण्यापूर्वी, सगळे नीट समजावून सांगणे. कोणते औषध किती द्यायचे हे आपले डॉक्टरच ठरवतील. मी फक्त तेवढेच सांगते जे दोन-अडीच वर्षे हा मार्ग चाललेल्या कुटुंबांबरोबर राहून मला समजले आहे.

आपण विचारलेला प्रश्न एका शहराच्या निवडीचा वाटतो, परंतु खरा प्रश्न वेगळा आहे. या आजाराचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे, कधी त्याहून थोडा अधिक चालतो. पहिल्या महिन्यात आजार आटोक्यात आणणारी जोरकस औषधे दिली जातात, त्यानंतर सहा-आठ महिने वेगवेगळ्या औषधांचे कठीण टप्पे येतात, आणि मग बराच काळ घरी गोळ्या घेत मेंटेनन्सचा टप्पा चालतो. वैद्यकीय साधने मुबलक असलेल्या देशांत या आजाराची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. ती ज्या औषधांनी बरी होतात, त्यांतील बहुतेक औषधे जुनी आहेत आणि आपल्याकडेही मिळतात. आपल्याकडे फरक पडतो तो निदानाला झालेल्या उशिराने, उपचाराच्या काळात झालेल्या जंतुसंसर्गाने आणि उपचार अर्ध्यावर सुटल्याने. म्हणून मी आपल्याला दोन गोष्टी विचारते. हा उपचार खंड न पडता शेवटपर्यंत कोठे चालू ठेवता येईल? आणि मुलाला रात्री दोन वाजता ताप आला, तर तासाभरात त्याच्या शिरेतून अँटिबायोटिक कोठे सुरू होईल?

या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घरासाठी वेगळी येतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा अनुभव १९४१ पासूनचा आहे आणि त्याचा लाभ घेण्यात गैर काहीच नाही. परंतु तेथे पूर्ण उपचार घ्यायचा तर पहिले सहा-आठ महिने आईवडिलांपैकी एकाने, बहुधा दोघांनी, मुंबईतच मुक्काम करावा लागतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची निवासस्थाने अशा कुटुंबांसाठीच आहेत, पण जागा मिळेपर्यंत वाट पाहावी लागू शकते. तोवर भाड्याची खोली, दुसरी चूल, वडिलांची रजा आणि मागे राहिलेली थोरली मुलगी या सगळ्यांचा विचार करावा लागतो. ज्यांची तेथे आधीच राहण्याची सोय आहे, त्यांना मी कधी थांबवत नाही. ज्यांची नाही, त्यांना मी सांगते की आधी इथे काय काय होऊ शकते ते पाहावे.

आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, आणि विचारण्यात संकोच नसावा: मुलांच्या कर्करोगाचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर येथे नियमित आहेत का, रात्री आणि रविवारी मुलाला कोण दाखल करून घेईल, प्लेटलेट किती तासांत मिळतात, मुलांचा अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे का, आणि पहिल्या महिन्याच्या अखेरीस अस्थिमज्जेत उरलेल्या आजाराची जी सूक्ष्म तपासणी करतात, ती होणार आहे का. या शेवटच्या तपासणीसाठी अनेकांना वाटते की मुंबईलाच जावे लागेल. तसे नाही. नमुना प्रवास करू शकतो, मुलाने करायलाच हवा असे नाही. या सगळ्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर या विशिष्ट आजारासाठी घराजवळ उपचार घेणे हा कमी दर्जाचा पर्याय आहे असे मी मानत नाही.

मुंबई खरोखर आवश्यक कधी ठरते, तेही सांगते. आजार उलटून आला तर, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा प्रश्न निघाला तर, किंवा आजारच वेगळा असेल तर. उदाहरणार्थ हाडाची गाठ जिथे पाय वाचवून शस्त्रक्रिया करायची असते, किंवा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. शिवाय एक मधला मार्गही असतो: अहवाल व नमुने मुंबईला दाखवून उपचाराची आखणी तेथून घ्यायची, आणि औषधे येथे, त्या आखणीप्रमाणे. दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांशी बोलणारे असतील तर हा मार्ग उत्तम चालतो. नसतील तर आईवडील दोन फाइली घेऊन मध्ये अडकतात. जाण्याचे ठरलेच, तरी आजच्या आज अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसू नये. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या किंवा प्लेटलेट फार कमी असलेल्या मुलाला गाडीतच रक्तस्राव किंवा ताप सुरू होऊ शकतो, म्हणून प्रवासास योग्य असल्याचे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे. कर्करुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये रेल्वेची पूर्ण सवलत असते, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठीचा अर्ज रुग्णालयाच्या सहीशिक्क्याने घ्यावा लागतो.

आता तापाविषयी, कारण हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

केमोथेरपीच्या औषधांनी आजारी पेशींबरोबर जंतूंशी लढणाऱ्या चांगल्या पेशीही काही काळ नाहीशा होतात. त्या काळात ताप हेच बहुधा संसर्गाचे एकमेव लक्षण असते. खोकला नसतो, पू होत नाही, कारण ते घडवून आणणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. मूल खेळतही असते. आणि तेच मूल चार तासांत अत्यवस्थ होऊ शकते. मी या कामाला लागले तेव्हा आम्ही आईवडिलांना नुसते ‘ताप आला तर या’ एवढेच सांगत असू. एका मुलाला रात्री अकरा वाजता अंग गरम लागले, घरच्यांनी पॅरासिटामॉल दिले, ताप उतरला, आणि सगळे सकाळपर्यंत निश्चिंत झोपले. सकाळी त्याला आमच्याकडे आणले तेव्हा त्याचा रक्तदाब लागत नव्हता. ते मूल वाचले, पण अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. घरच्यांचा दोष नव्हता. आकडा सांगायला हवा होता आणि तो आम्ही सांगितला नव्हता. तेव्हापासून मी आकडा सांगते, आणि तो आईवडिलांकडून परत म्हणून घेते.

आकडा असा: १००.४ अंश फॅरनहाइट. घरी डिजिटल थर्मामीटर ठेवावा आणि एक जास्तीचाही असावा, कारण सेल नेमका रात्री संपतो. १००.४ किंवा अधिक दिसले की लगेच रुग्णालयाला फोन करावा आणि निघण्याची तयारी करावी. १०१ एकदा जरी दिसले तरी पुन्हा मोजत बसू नये, निघावे. थंडी वाजून अंग कापत असेल, विशेषतः पोर्टमध्ये (औषध सोडण्यासाठी छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या लहान डबीत) किंवा हाताच्या लांब नळीत औषध सोडल्यानंतर, तर थर्मामीटर काहीही दाखवो, निघावे. ताप मोजण्यापूर्वी आणि फोन करण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये. आयब्युप्रोफेन व ॲस्पिरिन तर देऊच नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. गुदद्वारातून ताप मोजू नये आणि तेथे कोणतेही औषध घालू नये. रुग्णालयात पोहोचताच पहिल्याच माणसाला सांगावे की मुलाची केमोथेरपी चालू आहे आणि ताप आहे. नावनोंदणीच्या रांगेत उभे राहू नये. पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस जाणे हे आमचे उद्दिष्ट असते, आणि ते आपल्याशिवाय साधत नाही.

म्हणून घरी आज रात्रीच ठरवावे की आपले यजमान पाळीवर असताना गाडी कोण चालवेल. शेजारचा एक आणि नात्यातला एक, असे दोघे ठरलेले असावेत. दाराजवळ एक पिशवी भरलेली ठेवावी: फाइल, चार्जर, मुलाचे दोन जोड कपडे, पाण्याची बाटली, थोडी रोख रक्कम. ज्या घरात ही पिशवी असते, त्या घरातले लोक अर्धा तास लवकर येतात, असे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

रक्ताचा अहवाल हातात आला की आपण स्वतः एक हिशेब करायला शिकावे. एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याला न्यूट्रोफिलच्या, म्हणजे त्यांतील जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या, टक्केवारीने गुणावे आणि शंभराने भागावे. पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल २५ टक्के असतील तर उत्तर ३०० येते. वॉर्डात आई लोक यालाच ‘काउंट’ म्हणतात. तो ५०० च्या खाली असला की बाहेरची माणसे नकोत, राजवाड्याची गर्दी नको, छप्पन दुकानचे किंवा सराफ्याचे बाहेरचे खाणे नको. काउंट चांगला असताना मात्र मुलाला अंगणात खेळू द्यावे. भीतीपोटी अडीच वर्षे कोंडून ठेवण्याची गरज नाही. रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक आणि अनंत चतुर्दशीच्या झाक्या म्हणजे चित्ररथ यंदा टीव्हीवर बघाव्यात, एवढे मी सांगते, आणि मुले ते समजून घेतात.

खाण्याबाबत थोडक्यात. ताजे शिजवलेले, गरम, घरचे. उकळून गार केलेले पाणी, सोलून खाता येणारी फळे. कच्च्या कोशिंबिरी आणि उघड्यावरचे पदार्थ काउंट कमी असताना नकोत. स्टेरॉइडच्या आठवड्यांत मूल रात्री दोन वाजता उठून वरण-भात मागेल, चिडेल, त्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसेल. हा औषधाचा परिणाम आहे आणि तो उतरतो. लाल रंगाचे औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसते. मात्र बद्धकोष्ठ झाले, पाय ओढत चालू लागला किंवा पोटात जोराने दुखू लागले तर त्याच दिवशी कळवावे. सासूबाईंना काही करावेसे वाटेल. त्यांना काढा, गुळवेल, भस्म यांपासून प्रेमाने दूर ठेवावे, कारण यकृतावर आधीच औषधांचा भार असतो. नवस जरूर बोलावा, पण अंगारा कपाळाला लावावा, पोटात देऊ नये. भेटायला येणाऱ्यांना दारातच थांबवण्याचे अवघड काम त्यांच्याकडे सोपवावे. ते घरात दुसऱ्या कोणालाही इतके चांगले जमत नाही.

लसींचे दोन शब्द. उपचार चालू असताना आपल्या मुलाला कोणतीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. घरात लहान बाळ येणे-जाणे असेल तर त्याला पोलिओच्या थेंबांऐवजी इंजेक्शनची लस देण्याबद्दल विचारावे. थोरल्या मुलीच्या वर्गात कोणाला कांजिण्या निघाल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता कळवावे, कारण संपर्कानंतर जितक्या लवकर उपाय होईल तितका त्याचा उपयोग अधिक.

मेंटेनन्सचा टप्पा सुरू झाला की केस परत येतात, गाल भरतात, मूल शाळेत जाऊ लागते, आणि इथेच माझी काळजी पुन्हा सुरू होते. निमाडातल्या एका कुटुंबाने दिवाळीत गोळ्या थांबवल्या, कारण मुलगा धडधाकट दिसत होता आणि औषधांसाठीचा प्रवास सुगीच्या दिवसांत जमत नव्हता. काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा आजारही परत आला होता. मुलगा बरा दिसतो तो त्या गोळ्यांमुळे, हे आम्ही त्यांना पुरेसे सांगितले नव्हते असे मला आजही वाटते.

या टप्प्यातील दोन गोळ्यांविषयी फार सावध राहावे. मर्कॅप्टोप्युरिन रोज असते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, आणि तेच चुकून रोज दिले गेले तर जिवावर बेतते. घरातल्या कालनिर्णयावर मेथोट्रेक्सेटचा वार लाल पेनाने वर्षभरासाठी खूण करून ठेवावा, दोन्ही औषधे वेगवेगळ्या डब्यांत ठेवावीत, आणि देणारी व्यक्ती एकच असावी. दिल्यावर त्या तारखेवर फुली मारावी. औषधाच्या दुकानातून नवी पट्टी आणली की गोळी किती मिलिग्रॅमची आहे ते जुन्या पट्टीशी ताडून पाहावे. न्यूमोनिया होऊ नये म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस जे औषध देतात, ते क्षुल्लक समजून सोडू नये.

पैशांविषयी. निदानाच्या पहिल्या आठवड्यात कागदपत्रे केली तर पुढे सोपे जाते. यजमानांच्या वेतनपावतीवर ई.एस.आय.ची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात दिसत असेल, तर सर्वांत आधी नंदानगरच्या ई.एस.आय. रुग्णालयात जाऊन पुढील उपचारासाठीचे संदर्भपत्र कसे मिळते ते विचारावे. अन्यथा आयुष्मान भारत योजनेची पात्रता पाहावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते, आधीपासूनचा आजारही त्यात धरला जातो, आणि कार्ड देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. आपल्या मध्य प्रदेशात त्यासाठी समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंब व सदस्यांचा ओळख क्रमांक) लागतो, आणि त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख आधारशी जुळत नसल्याने कितीतरी कुटुंबांचे दिवस वाया जातात, म्हणून तेच प्रथम तपासावे. दोन्ही नसेल तर मुख्यमंत्री स्वेच्छानुदान आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडून अर्ज करावा. ही मदत पुढच्या खर्चासाठी रुग्णालयाकडे येते, त्यामुळे अर्ज बिल भरण्याच्या आधी जायला हवा. दागिने मोडण्याचा निर्णय रुग्णालयातील समाजसेविकेशी बोलण्यापूर्वी घेऊ नये.

नातेवाईक ‘आम्ही काय करू’ विचारतील, त्यांना रक्तदानाची यादी करायला लावावी. प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात, त्यामुळे पन्नास जणांनी एकाच रविवारी रक्त देऊन उपयोग होत नाही. आपल्या गणेशोत्सव मंडळातल्या तरुणांपैकी पंधरा-वीस जण, रक्तगट व फोन नंबरसह, पाळीपाळीने येतील असे ठरवावे. पूर्ण रक्त दिल्यावर पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस थांबावे लागते. मशीनद्वारे केवळ प्लेटलेट देणारा दाता मात्र त्यापेक्षा पुष्कळ लवकर पुन्हा देऊ शकतो. प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर आईवडील व बहिणीचे रक्त मुलाला देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आपल्या नोकरीविषयी मी एवढेच सुचवेन की पहिल्या महिन्यात राजीनामा देऊ नये. त्या महिन्यात घेतलेले निर्णय भीतीचे असतात. पहिले सहा-आठ महिने आपण मुलाजवळ असणे आवश्यक आहे, पण मेंटेनन्समध्ये बहुतेक माता पुन्हा कामावर जाऊ शकतात. म्हणून शाळेकडे एका शैक्षणिक वर्षाची बिनपगारी रजा मागावी, आणि अर्जासोबत डॉक्टरांचे पत्र जोडावे. यजमानांनी नोकरी टिकवावी, विशेषतः विमा तिच्यावर अवलंबून असेल तर. रात्रीची पाळी बदलून मिळते का ते पाहावे.

मुलाला काय सांगावे? खरे, आणि त्याच्या वयाला पेलेल इतकेच. ‘तुझ्या रक्तात आजार झाला आहे, तो औषधाने जातो, औषध खूप दिवस घ्यावे लागते, आणि त्याने काही दिवस बरे वाटणार नाही.’ सुई टोचणार असेल तर दुखणार नाही असे सांगू नये; थोडे दुखेल, मी हात धरून बसेन, असे सांगावे. पाच वर्षांचे मूल आजार आपल्याच चुकीमुळे झाला असे मनात धरते, म्हणून तसे नाही हे न विचारताही सांगावे. मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध पोहोचवण्यासाठी पाठीत इंजेक्शन देतात, त्या दिवशी उपाशी राहावे लागते, तेव्हा सकाळीच सगळे ओळीने सांगून ठेवावे: आधी गाडी, मग झोपेचे औषध, मग जाग, मग थोडा वेळ आडवे राहणे, मग खाणे.

आणि थोरल्या मुलीला हेच सर्व त्याच दिवशी सांगावे. हा आजार संसर्गजन्य नाही, तिच्यामुळे झालेला नाही, आणि ती भावाजवळ बसू शकते. आमच्याकडे येणाऱ्या भावंडांपैकी पुष्कळ मुले या शंका महिनोन्महिने कोणाला न विचारता मनात ठेवतात. तिच्या वर्गशिक्षिकेलाही कळवून ठेवावे. कालनिर्णयावरची रोजची फुली मारण्याचे काम तिला द्यावे. गोळी मात्र आपणच द्यावी.